पूर्ण बाह्यांची गंजी

त्या फुटबॉल क्लबात कोण किती पळाला हे कोचच्या आधी आत्याला कळायचं. स्टँडच्या पायऱ्यांखाली तिची कपडे धुण्याची खोली होती. दोन मोठी मशीनं, एक कपडे वाळवायचं यंत्र, इस्त्रीचं लांब टेबल, भिंतीवर देवाची छोटी तसबीर आणि एक मागचं दार, जे सरावाच्या मैदानावर उघडायचं. प्रत्येकाला त्याच्या नंबरची जाळीची पिशवी दिलेली. सराव संपला की आपले कपडे आपल्या पिशवीत भरायचे आणि दाराशी टाकायचे. धुण्याआधी आत्या एकेक पिशवी उघडून चाळायची, डाग पाहायची, मग तोंड बांधून पिशवीच मशीनमध्ये सोडायची. त्यामुळे एकाचा मोजा दुसऱ्याच्या पायात गेला, असं तिच्या कारकिर्दीत झालं नाही. गुडघ्यावर गवत नसलेली पँट हाती आली, की ती त्या पोराला दारातच विचारायची, आज काय झाडाखाली बसून सराव केलास का रे?

ती कुणाची सख्खी आत्या नव्हती. तिचा नवरा त्या मैदानाचा माळी. त्याला सगळे मामा म्हणत, म्हणजे हिशेबाने हिला मामी म्हणायला हवं होतं. पण नवऱ्यामागे जेव्हा तिने हे काम धरलं, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मामी लाड करते आणि आत्या कान धरते, आणि मला तुमचे कानच धरायचेत. तेव्हापासून ती आत्या. काम सुरू करण्याआधी तसबिरीपुढे डोळे मिटून उभी राहायची. त्या वेळी क्लबाचा अध्यक्ष जरी दारात आला तरी त्याला थांबावं लागे.

एकुलती लेक होती. तिने लग्न केलं ते क्लबाच्याच गोलरक्षकाशी, आणि तो पुलापलीकडच्या वस्तीतला. वस्तीतली माणसं दोन पिढ्यांपूर्वी कामासाठी आलेली, बोली वेगळी, देवळं वेगळी. अजूनही त्यांना लोक आलेलेच म्हणत. लग्न ठरलं तेव्हा नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ज्याच्या हातातून चेंडू सुटत नाही त्याच्या हातात लेक द्यायला मला भीती नाही. तोंडं बंद झाली. मनं बंद करणं देवाच्याही हातात नसावं.

त्या वर्षी क्लब तळाला गेला आणि कार्यकारिणीने नवा कोच आणला. माणूस पन्नाशीच्या आतबाहेर, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. याने बुडते संघ वर काढलेत, असं सांगितलं गेलं. तो आला त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक जुना फोटो छापून आला. रस्त्यावरून चाललेला तरुणांचा जथा, मुठी वर, आणि एका चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ. चेहरा कोवळा होता, पण हनुवटी तीच.

तो जथा कुंपणवाल्यांचा होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांचं फार प्रस्थ होतं. पुलावर कुंपण घाला, आलेल्यांना पलीकडेच ठेवा, ही त्यांची एकच मागणी. दंडावर खूण गोंदवून घ्यायचे, तीन उभ्या रेघा आणि एक आडवी. एका संध्याकाळी त्यांची मिरवणूक पुलावरून वस्तीत वळली आणि दुकानांची एक अख्खी ओळ जळाली. तो धूर आत्याने याच मैदानावरून पाहिला होता. कडेवर लेक होती, आणि मामा नळी घेऊन उगाच गवताला पाणी मारत राहिला होता, दुसरं काय करावं हे न सुचून. पुढे संघटनेवर बंदी आली, माणसं पांगली, आणि हळूहळू असं झालं की गावात कुंपणवाला म्हणून कुणी कधी नव्हताच.

क्लबाने चार ओळींचा खुलासा काढला. तरुणपणीची चूक, कोच एका मिरवणुकीत सामील झाले होते, ती वस्तीकडे वळण्याआधीच घरी परतले, विषय संपला. विषय कसला संपतो! उत्तरेकडच्या स्टँडवाले म्हणाले, खेळ खेळाच्या जागी, माणसाच्या पोटातलं आपल्याला काय करायचंय. पुलापलीकडून येणाऱ्यांनी तिकिटं परत केली. तिकीट खिडकीतली बाई, आत्याची रोजची चहाची सोबतीण, म्हणाली की कुंपणच शेत खायला लागलंय आणि आपण राखणीचा पगार देतोय.

आत्याने नुसता चहा संपवला. पण तिचं लक्ष सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं, की कोचच्या पिशवीत एक नग कमी असतो. जर्सी, पँट, मोजे, सगळं यायचं. आतली गंजी यायची नाही. आणि गंजी तर तो घालायचा. उन्हाने मैदान तापलेलं असलं तरी जर्सीखालून मनगटापर्यंत पांढऱ्या बाह्या दिसायच्या. ज्याचं सगळं दुसऱ्याने धुवायचं तो एकच कपडा घरी नेऊन स्वतः का धुतो? तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

त्यात दुसऱ्या सामन्यानंतर जावयाला राखीव बाकावर बसवलं. लेक तणतणत आली. म्हणाली, इतकी वर्षं हाच गोलात उभा होता, आणि हा माणूस येतो काय आणि पुलापलीकडचा तेवढा बाहेर बसतो काय, हे न कळायला आपण दूधखुळे आहोत का. जावई चपला काढत होता. तो शांतपणे म्हणाला, अगं, दोन गोल माझ्या पायांमधून गेले, तेही पुलापलीकडचे होते का? लेकीला हसू आलं, आत्याला आलं नाही. सोसणाऱ्या माणसाला थट्टेची सवय असते, हे तिला ठाऊक होतं.

मग एका चिखलाच्या दिवशी ती गंजी हाती लागली. सराव अर्ध्यात थांबला, सगळे भिजलेले, मालिशवाल्याने कपडे बदलायच्या खोलीतले सगळे कपडे सरसकट गोळा करून टोपलीत टाकले. त्यात ती होती. डाव्या बाहीवर, दंडाच्या जागी, तळहाताएवढा डाग. चिखलाचा नव्हता, घामाचा नव्हता. तेलकट, कातडीच्या रंगाचा, कडेने पिवळट. आत्याने तो उजेडात धरला. असा डाग तिने एकदाच पाहिला होता, लेकीच्या लग्नातल्या पोलक्याच्या गळ्याशी, तोंडाला लावलेल्या लेपाचा. तिने मनाशी जुळवून टाकलं. हा दंडाला रंग फासून खूण झाकतो. खूण अजून आहे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! चहाच्या वेळी तिने तिकीटवालीला सांगितलं, आणि वर, कुणाला बोलू नकोस हो, असंही सांगितलं. तिकीटवालीने ते तंतोतंत पाळलं. ज्याला ज्याला सांगितलं त्याला त्याला तिनेही बजावलं, कुणाला बोलू नकोस.

पुढच्या सामन्याला कोच मैदानात आला आणि पूर्वेच्या स्टँडमधून आवाज उठला, बाही वर! आधी दहावीस गळे, मग सगळा स्टँड. बाही वर, बाही वर! कुणी चादरीवर लिहून आणलं होतं, रंग धुवा आणि दंड दाखवा. उत्तरेच्या स्टँडमधून शिट्ट्या आल्या, मग बाटल्या. आत्या खोलीच्या दारात उभी होती. रंग हा शब्द तिचा होता. तिच्या तोंडातून निघालेला शब्द हजार गळ्यांतून परत आलेला तिने ऐकला. कोचने मान वर केली नाही आणि बाहीही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन तो सामना संपेपर्यंत उभा राहिला. आत्याला तेही खटकलं. निर्दोष माणसाने एकदा बाही सारून मोकळं व्हावं ना.

दुसऱ्या दिवशी सचिव तिच्या खोलीत आला. हा माणूस उन्हाळ्यातही टाय लावायचा म्हणून पोरं त्याला टायच म्हणत. इतक्या वर्षांत तो या पायऱ्या उतरून पहिल्यांदा आला होता. इस्त्रीच्या टेबलाशी टेकला, मशीनं जुनी झालीत म्हणाला, आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मुद्द्यावर आला. क्लब सभासदांचा, कामगार आणि खेळाडूही सभासद, तेव्हा रविवारी सकाळी सभा घेऊन कोचला ठेवायचं की नाही ते हात वर करून ठरवायचं. आत्याने सभेत उभं राहून सांगावं, मी डाग पाहिला, तो रंगाचा आहे.

"आणि जावईबापूंची काळजी करू नका," जाता जाता तो म्हणाला. "नवा माणूस आला की गोल त्यांचाच."

नवा माणूस कोण, हे आत्याला विचारावं लागलं नाही. सचिवाचा साडू दोन वर्षांपासून कोच व्हायला टपलेला होता, हे सगळ्या क्लबाला माहीत. उंदराला मांजर साक्ष! सचिवाच्या बुटांचा आवाज पायऱ्यांवर विरला, तरी आत्या इस्त्री हातात धरून तशीच उभी. तिला आता सगळ्यांचाच संशय येऊ लागला. कोचचा होताच, टायचा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा स्वतःचाही. तो डाग तिने डोळ्यांनी पाहिला होता की बाकावर बसलेल्या जावयाच्या काळजीने?

त्यातच जावयाची पिशवी चाळताना ती थबकली. राखीव बाकावरचा माणूस, आणि कोपरं, कुल्ले, खांदे गवताने हिरवेगार. इतकं लोळणं संघाच्या सरावात होत नाही. लेक कालच म्हणाली होती, की हा हल्ली उशिरा येतो आणि विचारलं तर काहीतरी सांगतो. आत्याने मागचं दार उघडून ठेवलं आणि बसून राहिली. सराव संपला, सगळे गेले, आणि मैदानाच्या टोकाच्या गोलात जावई उभा राहिला. कोच एकामागून एक उंच चेंडू मारत होता. जावई झेपावत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. दोघांत बोलणं जवळपास नाहीच. मध्येच कोच पुढे आला, वाकून त्याने जावयाच्या पावलाला हाताने धरून किंचित वळवलं आणि परत मागे गेला.

जावई पिशवी टाकायला आला तेव्हा सासूला तिथे पाहून चोरी पकडल्यासारखा झाला.

"जावईबापू, हे कधीपासून?"

"बाकावर बसवल्यापासून. त्यांनीच विचारलं, पाय उशिरा उचलतोस, थांबशील का म्हणून."

"घरी का नाही सांगितलंत?"

"घरी सांगितलं असतं तर वस्तीत कळलं असतं. कुंपणवाल्याच्या हाताखाली लोळतो म्हणून माझ्या काकाने मला उंबऱ्यात उभं केलं नसतं. त्याचं दुकान होतं त्या ओळीत." जावई जाळीची दोरी बोटाला गुंडाळत होता. "आई, तो कोण होता ते मला माहीत आहे. पण पाय उशिरा उचलतो हे मला इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी सांगितलं नाही."

आत्याने पिशवी घेतली. पण तिचं समाधान झालं नाही. गोड बोलून एक माणूस हाताशी धरायचा आणि उद्या बोट दाखवायचं, बघा, यांचाच एक माझ्याकडे शिकतो. असंही असेल. जित्याची खोड अशी सहज जाते का?

सभेच्या आदल्या दिवशी तिने ती गंजी धुवून, इस्त्री करून, चौकोनी घडी घातली आणि कोचला निरोप पाठवला, की तुमचा एक कपडा माझ्याकडे आलाय, येऊन घेऊन जा. तो आला. दारातच थांबला. आत्याने आत बोलावलं, बसायला सांगितलं नाही.

"डाग गेला," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, तो रंग होता की औषध?"

त्याने घडीकडे पाहिलं. "औषध. खूण काढून घेतोय. डॉक्टर थोडी थोडी जाळतात, त्यावर मलम."

म्हणजे रंग नव्हता. हजार माणसं तिच्या चुकीवर ओरडली होती. आत्याने पदर सावरला, पण नजर काढली नाही. "इतकी वर्षं ठेवलीत. आत्ताच का काढता?"

"कारण आत्ता दिसली तर नोकरी जाईल." तो म्हणाला. "यापेक्षा चांगलं कारण ऐकायचं असेल, आत्या, तर ते माझ्याकडे नाही."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. पश्चात्तापाचं काही ऐकवेल, डोळ्यांत पाणी आणेल, असं तिने धरलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही हेही ठरवून ठेवलं होतं.

"मिरवणूक वळली तेव्हा तुम्ही घरी गेलात?"

"असं मी सगळ्यांना सांगतो."

"मी सगळ्यांपैकी नाही. त्या ओळीत माझ्या लेकीच्या चुलत सासऱ्याचं दुकान होतं."

मशीन फिरत होतं. कोचने गंजी उचलली, पुन्हा ठेवली.

"कोपऱ्यावर उभा होतो," तो म्हणाला. "हात लावला नाही कशाला. उभा राहून पाहत होतो. शेवटपर्यंत."

आत्याला ते खरं वाटलं. मनात म्हणाली, देवा, कशाला ऐकवलंस! टायने सांगितलेलं तिने बोलावं, तर ते खोटं, कारण रंग नव्हताच. गप्प बसावं, तर क्लबाचा खुलासा खोटा, आणि तो खोटेपणा आता तिच्याही पदरात. आणि खरं ते सगळं बोलावं, तर ज्या माणसाने जावयाचा पाय सरळ केला त्याचा पाय तिने कापला, आणि वर लोक म्हणणार, जावयाला गोल मिळवून दिला.

शेवटी ती म्हणाली, "रंग मी म्हटलं, ते चुकलं. उद्या सभेत तसं सांगणार आहे. कोपऱ्याचंही सांगणार. तुम्ही आधी सांगितलंत तर मला सांगावं लागणार नाही."

तो गंजी घेऊन गेला.

रविवारी सभागृह भरलं होतं. मधली वाट सोडून दोन बाजू आपोआप झाल्या. पुलापलीकडचे सभासद मागे, दाराजवळ बसले होते, उठून जाता यावं अशा बेताने. सचिवाने आत्याला हात धरून पहिल्या रांगेत बसवलं आणि कानाशी लागून म्हणाला, थोडक्यात सांगा, डाग आणि रंग, बस. आत्या उठली. म्हणाली, डाग पाहिला हे खरं, रंग म्हटलं ही माझी चूक, ते औषध आहे, खूण काढण्याचं. उत्तरेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सचिवाचा चेहरा टायइतका लांबला. मागून कुणीतरी बोललं, जावयाला आता कप्तान करतील बघा. आत्या खाली बसली, पण अर्धीच, खुर्चीच्या काठावर.

मग कोच उभा राहिला. म्हणाला, तरुण होतो, चूक झाली, खूण होती, ती काढतोय. मिरवणुकीत होतो, आणि ती वस्तीकडे वळली तेव्हा...

तिथे तो थांबला. आत्याने पाहिलं, त्याची नजर उत्तरेवाल्यांकडे गेली होती, ती हसरी तोंडं, थोपटायला तयार असलेले हात. एवढं एकच वाक्य, पाठ असलेलं, म्हणून टाकलं की सुटका होती. आत्याला वाटलं, म्हणतोय हा. ती उठून उभी राहिली. खुर्ची फरशीवर करकरली.

"बसा, आत्या," कोच म्हणाला. "मी सांगतो."

आणि त्याने कोपऱ्याचं सांगितलं. किती वेळ उभा होता, काय काय पाहिलं, एका म्हाताऱ्याने दुकानातून वजनाचा काटा बाहेर फेकला तो त्याच्या पायाशी येऊन पडला, आणि त्याने तो उचललाही नाही, तेही सांगितलं. आता टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. दाराजवळचे काही उठून गेले. उत्तरेवाल्यांपैकी एकाने जमिनीकडे पाहत बोटं मोडली. सचिव घाईघाईने म्हणाला, हात वर करा.

मोजणी दोनदा करावी लागली. थोड्याच हातांच्या फरकाने कोच राहिला. कुणाला आनंद झाल्यासारखं दिसलं नाही, त्यालाही नाही. तिकीटवाली बाहेर पडताना आत्याशी एक शब्द बोलली नाही. आपली बातमी खोटी पाडली याचा राग होता, की कोच राहिला याचा, हे आत्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही तिने विचारलं नाही.

घरी जाताना जावई तिच्याबरोबर चालत होता. तो खेळाडूंच्या रांगेत बसला होता, ती पुढे, त्यामुळे एकमेकांचे हात दिसले नव्हते. वळणावर त्याने विचारलं, "आई, तुमचा हात?"

"नको म्हणणाऱ्यांत," आत्या म्हणाली. "खरं बोलला. पण मी उठले तेव्हा बोलला. मी आजारी असते तर?"

जावई म्हणाला, "माझा ठेवा म्हणणाऱ्यांत होता."

"काकांना कळेल."

"कळू दे. आज जेवायलाच जातोय त्यांच्याकडे. मीच सांगेन." मग हळूच म्हणाला, "तुम्ही रागावलात?"

आत्याने मान हलवली. राग नव्हता. खटकणारं काहीतरी होतं, ते तसंच होतं, आणि ते जाईल असं तिला वाटतही नव्हतं.

"उद्या त्याच्याकडे सरावाला थांबाल?"

"थांबणार."

"मग माझ्या दारासमोरच्या गोलात उभे राहा," ती म्हणाली. "त्या टोकाच्या नको. मी कपडे वाळत घालत असेन. दार उघडं ठेवीन."